देणगी कोणाची, धीर कोणाचा? – बार्ताली आणि कोप्पी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला किंवा धर्मग्रामाच्या क्रीडामहोत्सवात बक्षिसे वाटून झाली, की चर्चच्या आवारात एक वाद हमखास रंगतो. यश मिळते ते उपजत गुणांमुळे की कष्टांमुळे? कोणी म्हणतो, 'त्या पोराच्या रक्तातच आहे ते.' दुसरा लगेच उत्तरतो, 'रक्तात काही नसते हो, घाम गाळावा लागतो.' आम्हीही या वादात अनेकदा भाग घेतला आहे आणि दोन्ही बाजूंनी बोललो आहोत. परंतु इटलीतील दोन सायकलपटूंची चरित्रे वाचल्यापासून हा प्रश्नच आपण चुकीच्या रीतीने मांडतो की काय, अशी शंका आम्हांस येऊ लागली आहे. ते दोघेही कॅथोलिक, दोघेही गरीब खेड्यातले, आणि दोघांनीही एकेक धाकटा भाऊ याच खेळात गमावलेला.

'टॅलंट' हा शब्द मुळात चांदीच्या एका वजनाचा, हे वाचकांस ठाऊक असेलच. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात धनी आपल्या दासांच्या हवाली जी संपत्ती करून परदेशी जातो, तीच ही तालंते. त्या दृष्टान्तामुळेच पुढे युरोपीय भाषांत या शब्दाला उपजत बुद्धी, अंगचा गुण, असा अर्थ आला. म्हणजे आपण आज ज्याला कष्टांच्या विरुद्ध उभे करतो, तो शब्द मुळात व्यापारासाठी हाती दिलेल्या भांडवलाचा होता. ही गोष्ट ध्यानी ठेवून आपण इटलीकडे वळू.

सायकलीच्या दोन शर्यती जगात सर्वांत मानाच्या समजल्या जातात. 'तूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली आणि इटलीची 'जिरो' १९०९ साली. दोन्ही सुमारे तीन आठवडे चालतात. रोज एक टप्पा, आणि सर्व टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा सर्वांत कमी तो विजेता. महायुद्धाच्या आगेमागे आल्प्स पर्वतातील घाटरस्ते बहुधा खडीचे व मातीचे असत, पावसात त्यांचा चिखल होई. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी भरल्या कॅरिअरची सायकल एखाद्या चढावर रेटली असेल, त्यांना पुढील हकिकत अधिक चांगली समजेल.

जिनो बार्ताली १८ जुलै १९१४ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या गावी जन्मला. बाप मजुरी करी. सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता तो शर्यतींत उतरला आणि १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जिरो जिंकली. पण त्याच जून महिन्यात त्याचा धाकटा भाऊ जुलिओ एका शर्यतीत मोटारीवर आदळून मरण पावला. या खेळाला कायमचा रामराम ठोकावा असे जिनोच्या मनाने घेतले होते. तो परतला, पण परतताना प्रापंचिकांसाठी असलेल्या कार्मेलाईट तृतीय संघाचा सभासद झाला. लिझ्यूच्या संत तेरेजावर त्याची भक्ती होती, आणि शर्यतीच्या धामधुमीतही तो मिस्सा चुकवीत नसे. वर्तमानपत्रे त्याला 'धर्मशील जिनो' म्हणू लागली, त्यात काही कौतुक होते व काही टिंगलही. १९३७ साली तूरमध्ये अग्रस्थानाची पिवळी जर्सी अंगावर असताना तो पुलावरून बर्फगार ओढ्यात कोसळला, बाहेर येऊन तसाच पुढे गेला, परंतु पुढे इटलीच्या अधिकाऱ्यांनीच त्याला शर्यत सोडावयास लावली. १९३८ साली त्याने ती जिंकली. फॅसिस्ट सत्तेची अपेक्षा होती, की विजय मुसोलिनीला अर्पण व्हावा. जिनोने ते केले नाही.

फाउस्तो कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी पिएमोंत प्रांतातील कास्तेलानिया या डोंगराळ खेड्यात झाला. शेतात राबण्यापेक्षा बरे म्हणून हा मुलगा नोव्ही लिगुरे गावी एका खाटकाकडे नोकरीस राहिला. सायकलवरून घरोघर मांस पोहोचविणे हे त्याचे काम. त्याच गावी बियाजो काव्हान्ना नावाचा एक मालिश करणारा होता. तो आंधळा होता. स्नायूंवरून बोटे फिरवून तो माणसाची कुवत ओळखी, असे त्याच्याविषयी म्हटले जाई. या पोरसवदा हाडकुळ्या मुलाच्या पायांवर त्याची बोटे थांबली. कोप्पी दिसायला काही पहिलवान नव्हता. पाय लांबच लांब, हाडे इतकी ठिसूळ की पडला की काही ना काही मोडेच, आणि छाती मात्र पक्ष्यासारखी पुढे आलेली. जमिनीवर चालताना तो अवघडलेला वाटे, सायकलवर बसला की ओळखू येत नसे.

१९४० साली लेन्यानो संघाने त्याला घेतले ते बार्तालीचा पाणक्या म्हणून. सायकलच्या खेळात प्रत्येक नायकाच्या भोवती असे सेवक असतात. त्यांनी पाणी आणावयाचे, वारा अंगावर घ्यावयाचा, वेळ पडल्यास स्वतःचे चाक काढून द्यावयाचे. त्या वर्षी जिरोच्या दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आला आणि बार्ताली पडून जायबंदी झाला. पुढे फ्लॉरेन्सहून मोदेनाकडे जाताना आपेनिन पर्वतात हा वीस वर्षांचा पाणक्या एकटाच पुढे निघून गेला आणि गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर चढली. यापुढचा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. दोलोमिती पर्वतात या नव्या नायकाचे पोट बिघडले, पाय गळाले, आणि तो रस्त्याच्या कडेला उतरून शर्यत सोडावयास निघाला. बार्तालीने पुढे सांगितलेली आठवण अशी, की त्याने कोप्पीच्या अंगावर बर्फ चोळले आणि 'पाणक्याच आहेस तू, पाणक्या!' अशी निर्भर्त्सना करीत त्याला पुन्हा सायकलवर बसविले. स्वतःची जिंकण्याची संधी गेलेला मनुष्य आपल्या सेवकास जिंकवून देण्यासाठी ओरडत होता. ९ जूनला शर्यत संपली. जिरोचा आजवरचा सर्वांत तरुण विजेता कोप्पीच आहे. १० जूनला इटली महायुद्धात उतरली.

युद्धाने दोघांचीही उमेदीची वर्षे गिळली. कोप्पीने ७ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली मैदानावर एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर तोडून विक्रम केला. पुढे त्याला आफ्रिकेच्या आघाडीवर धाडण्यात आले आणि १९४३ साली ट्युनिशियात तो ब्रिटिशांचा कैदी झाला.

बार्तालीचे युद्ध निराळे होते. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी १९४० साली त्याचे लग्न लावले होते. जर्मनांनी उत्तर इटली व्यापल्यावर याच कार्डिनलांच्या आश्रयाने यहुदी कुटुंबांना लपविण्याचे कार्य सुरू झाले, आणि बार्ताली त्यात सामील झाला. सरावाच्या निमित्ताने लांबलांबच्या फेऱ्या मारताना त्याने सायकलच्या नळीत बनावट ओळखपत्रे दडवून नेली, असे सांगितले जाते. या तपशिलावर अलीकडे काही इटालियन इतिहासकारांनी शंका घेतली आहे, आणि ती येथे नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. परंतु गोल्डनबर्ग नावाच्या यहुदी कुटुंबाला त्याने फ्लॉरेन्समध्ये आसरा दिला, याची साक्ष त्या कुटुंबातील त्या वेळच्या लहान मुलानेच वृद्धपणी दिली. जेरुसलेम येथील याद वाशेम संस्थेने २०१३ साली बार्तालीला 'राष्ट्रांतील नीतिमान' हा सन्मान मरणोत्तर दिला. कार्डिनल दाल्ला कोस्ता यांना तो आदल्या वर्षी मिळाला होता. स्वतः बार्ताली आयुष्यभर याविषयी जवळजवळ मुका राहिला. सत्कर्म करावे, सांगू नये, असे त्याचे मत होते.

युद्ध संपले आणि इटलीचे दोन तट पडले, एक बार्तालीचा, एक कोप्पीचा. १९४६ साली संत जोसेफच्या सणादिवशी, १९ मार्चला, मिलान–सान रेमो शर्यत कोप्पीने चौदा मिनिटांच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षीची जिरो बार्तालीने अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकली. १९४७ साली ती कोप्पीने १ मिनिट ४३ सेकंदांनी परत घेतली. पोप बारावे पायस यांनी त्याच वर्षी कॅथोलिक ॲक्शनच्या पुरुषांपुढे बोलताना संत पौलाच्या धावण्याच्या शर्यतीचा संदर्भ देऊन बार्तालीचे नाव घेतले. मग काय, बार्ताली म्हणजे धर्म, जुनी परंपरा व काबाडकष्ट, आणि कोप्पी म्हणजे नवे युग, विज्ञान व ईश्वरदत्त प्रतिभा, असे समीकरणच होऊन बसले. वास्तविक कोप्पीदेखील त्याच वेदीपाशी वाढलेला मुलगा होता. पण लोकांना दोन रंगच बरे वाटतात.

आम्हांस वाटते ते असे, की हे समीकरण जवळजवळ उलटे आहे.

नुसत्या शरीराचा विचार केला तर निसर्गाने बार्तालीलाच छप्पर फाडून दिले होते. तो सिगारेटी ओढी, आणि आपल्या हृदयाचे ठोके फार मंद असल्यामुळे डॉक्टरांनीच त्या ओढावयास सांगितले आहे, असे बिनदिक्कत सांगे. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारी, वाइन घेई, आणि दुसऱ्या दिवशी पावसात आठ तास सायकल हाकून ताजातवाना दिसे. पडणे, थंडी, उपास यांचा त्याच्यावर परिणाम होत नसे. उलट ज्याला लोक अलौकिक प्रतिभा म्हणत त्या कोप्पीचे आयुष्य एखाद्या मठवासीयासारखे नियमबद्ध होते. काव्हान्नाच्या शिस्तीत पहाटे उठणे, ठराविक अंतर तोडणे, मोजून खाणे, लवकर निजणे. सायकलचे गिअर, टायर, आहार, विश्रांती, प्रत्येक बाबीचा त्याने अभ्यास केला, आणि पुढच्या पिढीने तो जसाच्या तसा उचलला. उत्तेजक गोळ्याही त्याने घेतल्या व ते उघडपणे कबूल केले. त्या काळी त्यांवर बंदी नव्हती, एवढे सांगून ही गोष्ट आम्ही झाकू इच्छीत नाही.

बार्तालीचा मात्र विश्वास बसेना, की निव्वळ शिस्तीने कोणी असा धावू शकेल. कोप्पीकडे काही गुप्त औषध असलेच पाहिजे! १९४६ च्या जिरोमध्ये ब्राक्को घाटावर कोप्पीने एक काचेची कुपी पिऊन झाडीत भिरकावलेली त्याने पाहिली. शर्यत आटोपल्यावर हा गृहस्थ मोटार घेऊन परत त्या घाटावर गेला, झाडीत शोधून ती कुपी त्याने हस्तगत केली व डॉक्टरांकडून तपासून घेतली. निघाले एक साधे फ्रेंच टॉनिक. ही फजिती त्याने स्वतःच पुढे सांगितली, आणि त्या टॉनिकची पेटीच मागविल्याचेही सांगितले. कोप्पी थकला की त्याच्या गुडघ्यामागची एक शीर फुगते, असे हेरून तिच्यावर नजर ठेवण्यासाठी बार्तालीने एक सहकारी नेमला होता, अशीही आठवण सांगितली जाते.

तेव्हा देणगी एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, ही वाटणी टिकत नाही. दोघांकडेही दोन्ही होते. फरक होता तो मनात.

१९४८ च्या तूरमध्ये बार्ताली चौतिशीला टेकला होता. जुलैच्या मध्यास तो तरुण लुईसों बोबेच्या मागे एकवीस मिनिटांहून अधिक पडला, आणि इटालियन पत्रकार सामान आवरू लागले. १४ जुलैला रोममध्ये साम्यवादी नेते पाल्मिरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. संप झाले, रस्त्यांवर चकमकी उडाल्या, देश यादवीच्या काठावर आला. त्या रात्री कान येथील हॉटेलात पंतप्रधान दे गास्पेरी यांचा फोन आला, असे बार्तालीने सांगितले आहे. जिंकू शकशील का, असे त्यांनी विचारले. १५ जुलैला कानहून ब्रियांसोंकडे जाताना पाऊस, गारठा आणि चिखल यांत अलोस, व्हार व इझोआर हे तीन घाट चढून बार्तालीने टप्पा जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंकून पिवळी जर्सी घेतली. तिसऱ्या टप्प्यातही तोच पहिला. अखेरीस पॅरिसमध्ये तो २६ मिनिटांहून अधिक फरकाने विजयी झाला, पहिल्या विजयानंतर बरोबर दहा वर्षांनी. इतके अंतर ठेवून तूर पुन्हा जिंकणारा दुसरा कोणी अद्याप झालेला नाही. त्याने इटलीला यादवीपासून वाचविले, ही आख्यायिका इतिहासकार अतिशयोक्तीची ठरवितात आणि आम्हीही तसेच मानतो. तोल्यातींनी स्वतः अनुयायांना शांत राहण्यास सांगितले, ते अधिक निर्णायक होते. पण एकवीस मिनिटे मागे पडलेला, चौतिशीचा मनुष्य पहाटे पावसात सायकलवर बसतो तेव्हा त्याला काय बळ देते, हा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांनीही लाज आणली, हेही सांगितले पाहिजे. हॉलंडमधील व्हाल्केनबर्ग येथे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत दुसरा जिंकू नये एवढ्यासाठी दोघे एकमेकांवर पाळत ठेवून राहिले, आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटलीच्या महासंघाने दोघांवर बंदी घातली.

पुढचे वर्ष कोप्पीचे. १० जून १९४९ रोजी जिरोमध्ये कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच घाटांवरून तो १९२ किलोमीटर एकटाच पुढे धावला आणि दुसऱ्या आलेल्या बार्तालीच्या ११ मिनिटे ५२ सेकंद आधी पोहोचला. पण अवघ्या काही आठवड्यांनी, तूरच्या पाचव्या टप्प्यात, सें-मालोच्या वाटेवर तो आदळला, सायकल मोडली, आणि जी दुसरी मिळाली ती त्याची नव्हती. हा जगज्जेता रस्त्यात उभा राहिला व पुढे जावयास तयार होईना. एकूण तो छत्तीस मिनिटांहून अधिक मागे पडला होता आणि घरी परतण्याच्या गोष्टी करीत होता. संघाचे मार्गदर्शक आल्फ्रेदो बिंदा, स्वतः पाच वेळा जिरो जिंकलेले, त्यांनी त्या रात्री त्याची समजूत घातली. ज्याच्या पायांत सर्व काही होते त्याच्या मनाला दुसऱ्याचा हात लागला, तोही दर वेळी निराळा. आधी बर्फ चोळणारा बार्ताली, मग काव्हान्ना, मग बिंदा. आल्प्समध्ये १८ जुलैला, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, दोघे एकत्र इझोआर चढले, आणि कोप्पीने टप्पा त्याला जिंकू दिला. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्तालीचे चाक पंक्चर झाले. कोप्पी थांबला. बिंदांनी पुढे जावयास सांगितल्यावरच तो गेला, आणि शर्यत जिंकली. एकाच वर्षी जिरो व तूर दोन्ही जिंकणारा तो पहिलाच.

कोप्पीचा खरा आधार होता त्याचा धाकटा भाऊ सेर्से. तो मध्यम प्रतीचा सायकलपटू, पण हसरा, गप्पिष्ट, आणि रात्री भावाच्या खोलीत सोबतीला असलेला. २९ जून १९५१ रोजी पिएमोंतच्या शर्यतीत सेर्से पडला, उठून शर्यत पूर्ण केली, आणि त्याच दिवशी मरण पावला. काही दिवसांतच सुरू झालेल्या तूरमध्ये माँपेलिएच्या टप्प्यात कोप्पी पार कोलमडला. बार्तालीने जुलिओचे दुःख प्रार्थनेत ठेवले होते. कोप्पीला ते कुठे ठेवावे, हे कळत नसावे. तरीही १९५२ साली तो परतला व २८ मिनिटांहून अधिक फरकाने तूर जिंकला. त्याच शर्यतीत गालिबिए घाटावर त्याच्या व बार्तालीच्या हातांमध्ये असलेल्या पाण्याच्या बाटलीचे छायाचित्र घेतले गेले. बाटली कोणी कोणाला दिली, यावर इटलीत आजही वाद घालतात.

कोप्पीच्या शेवटच्या वर्षांबद्दल विस्ताराने लिहिण्याची आमची इच्छा नाही. विवाह मोडून दुसऱ्याच्या पत्नीसह राहिल्याबद्दल १९५५ साली त्याच्यावर खटला झाला, कारण तत्कालीन इटालियन कायद्यात तो गुन्हा होता. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले होते त्यांपैकी अनेकांनी तोंड फिरविले. १९५९ च्या अखेरीस बार्तालीच्या मार्गदर्शनाखाली स्थापन होत असलेल्या सान पेलेग्रिनो संघात त्याने नाव घातले. जुना नायक मोटारीत बसून सूचना देणार आणि जुना पाणक्या सायकलवर राहणार होता. डिसेंबरात तो पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टात एका शर्यतीसाठी गेला, तेथे त्याला मलेरिया जडला, आणि डॉक्टरांना तो वेळेवर ओळखता आला नाही. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथील रुग्णालयात, चाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला. अंत्यविधीला बार्ताली हजर होता. तो स्वतः पुढे चाळीस वर्षे जगला आणि ५ मे २००० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारला.

कोमो सरोवराच्या वर, माग्रेल्यो गावापाशी, घाटमाथ्यावर गिझाल्लोच्या पवित्र मातेचे एक लहानसे मंदिर आहे. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप बारावे पायस यांनी तिला सायकलपटूंची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आतल्या भिंतींवर नामवंतांच्या सायकली टांगलेल्या आहेत, त्यांत बार्तालीची आहे आणि कोप्पीचीही. दोघांचे अर्धपुतळे बाहेरच्या आवारात, बिंदांच्या पुतळ्याच्या सोबतीला, उभे आहेत.